गोंदण : खूण कोणाची, निर्णय कोणाचा?

वैशाख पौर्णिमा असो, चौदा एप्रिल असो की वर्षावासातील प्रवचनमाला असो, मोहोपाडा व आसपासच्या गावांतील आपली मंडळी विहारात एकत्र जमतात आणि हात जोडून त्रिसरण-पंचशील म्हणतात. त्या जोडलेल्या हातांकडे कधी लक्ष देऊन पाहिले आहे काय? पुढच्या रांगेत बसलेल्या वयोवृद्ध मातांच्या मनगटावर, कपाळावर, हनुवटीवर हिरवट ठिपके आणि नक्षी दिसते. त्यांच्या मागे बसलेल्या, नोकरी-धंद्यातून निवृत्त होत आलेल्या पिढीचे हात बहुतेक कोरे आहेत. आणि पाठीमागे उभ्या असलेल्या तरुणांच्या दंडावर पुन्हा अक्षरे व चित्रे आहेत. कोणी 'जयभीम' लिहिले आहे, कोणी अशोकचक्र काढले आहे, तर कोणी बाबासाहेबांची स्वाक्षरी.

आजीने जे अंगावर घेतले ते मुलीने नाकारले आणि नातवाने दुसऱ्या रूपाने पुन्हा स्वीकारले, असे हे चित्र आहे. घराघरांत यावरून वादही होतात. 'आम्ही मोठ्या कष्टाने ज्या खुणा टाकल्या, त्या तुम्ही पैसे देऊन कशाला घेता?' असे वडील विचारतात. 'तुमच्या खुणा वेगळ्या, आमच्या वेगळ्या,' असे मुलगा म्हणतो. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. म्हणून या प्रश्नाचा शांतपणे, सर्व बाजूंनी विचार करावा असे वाटले.

गोंदण टिकते कसे?

आपल्या कातडीचा वरचा थर सतत झिजत असतो व साधारण महिन्याभरात नवा येतो. म्हणून वरून लावलेली मेंदी आठ-पंधरा दिवसांत जाते. गोंदताना सुई या थराच्या खाली, दुसऱ्या थरात रंग सोडते. शरीराला हा रंग परका वाटतो. रोगजंतूंना गिळून टाकणाऱ्या पेशी धावून येतात आणि रंगाचे कण गिळतात; पण ते कण त्यांना पचत नाहीत. त्या पेशी कण पोटात घेऊन तेथेच बसून राहतात. फ्रान्समधील मार्से येथील संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले की, अशी पेशी मेली की तिच्यातून सुटलेले कण शेजारची नवी पेशी गिळते. पेशी बदलत राहतात, खूण तशीच राहते. शरीर क्षणाक्षणाला बदलते हा तथागतांचा सिद्धांत ज्यांनी ऐकला आहे, त्यांना या माहितीचे विशेष नवल वाटू नये. टिकून दिसणारी खूणसुद्धा आतून बदलतच असते.

जुन्या गोंदणाचा रंग हिरवट का, असेही मुले विचारतात. वापरलेली वस्तू बहुधा दिव्याची काजळी किंवा कोळशाची पूड असे, म्हणजे काळीच. पण कातडीखाली गेलेला काळा रंग वरून निळसर-हिरवा दिसतो.

ही प्रथा केवळ आपलीच नाही. १९९१ मध्ये आल्प्स पर्वतात, इटली-ऑस्ट्रियाच्या सरहद्दीवर बर्फात गाडलेले एका पुरुषाचे प्रेत सापडले. ते सुमारे पाच हजार तीनशे वर्षांपूर्वीचे आहे आणि त्याच्या अंगावर गोंदणाच्या ६१ खुणा मोजल्या गेल्या आहेत. आज आपली मुले 'टॅटू' म्हणतात, तो शब्द प्रशांत महासागरातील ताहिती बेटावरचा. १७६९ मध्ये कॅप्टन कुक तेथे गेला आणि त्याच्या प्रवासवर्णनांमुळे तो शब्द इंग्रजीत रुळला. आपल्याकडे मात्र 'गोंदण' हा घरचा शब्द कितीतरी आधीपासून होता.

आजीच्या हातावरचे गोंदण

महाराष्ट्रात गावोगाव फिरणाऱ्या गोंदणारणी असत. जत्रेत, आठवड्याच्या बाजारात किंवा सुगीच्या दिवसांत खळ्यावर त्या येत. तीन-चार सुया एकत्र बांधून, काजळीत बुडवून त्या टोचत. नंतर हळद-तेल लावत. मोबदला म्हणून सुपातून धान्य मिळे. मुलगी लहान असतानाच, बहुधा लग्नाआधी हे उरकले जाई. कपाळावर व हनुवटीवर ठिपके, हातावर तुळशीवृंदावन, विंचू, चांदणी, फूल, आणि पुढे भावाचे, नवऱ्याचे किंवा देवाचे नाव असा साधारण क्रम असे. हे कोणा एका जातीपुरते नव्हते. कुणबी, आगरी, मराठा, महार, ठाकर, कातकरी अशा अनेक समाजांतील स्त्रिया गोंदवून घेत. आजही कर्जत-खालापूरच्या ठाकरवाड्यांवर व कातकरवाड्यांवर गेल्यास वृद्ध स्त्रियांच्या अंगावर ही नक्षी पाहावयास मिळते.

यामागे अनेक समजुती होत्या. मेल्यावर अंगावरचे दागिने काढून घेतात, गोंदण तेवढे बरोबर येते, ही सर्वांत प्रसिद्ध समजूत. ज्या बाईला आयुष्यात सोन्याचा मणी मिळाला नाही, तिला या समजुतीचा आधार का वाटला असेल हे समजू शकते. तिच्या जवळचे कोणी चोरू शकणार नाही, सावकार गहाण ठेवून घेणार नाही असे एकच लेणे होते ते! दृष्ट लागू नये म्हणून, सांधे दुखतात म्हणून, किंवा गोंदले नाही तर सासरी नावे ठेवतील म्हणूनही गोंदवले जाई.

आज आपण या समजुती मानत नाही आणि ते योग्यच आहे. परंतु समजूत टाकणे वेगळे आणि ती बाळगणाऱ्या माउलीला हसणे वेगळे.

माझ्या आजीच्या डाव्या हातावर तुळशीवृंदावन होते आणि त्याखाली 'राम' अशी दोन वाकडी अक्षरे होती. सहा-सात वर्षांची असताना आईने तिला गोंदणारणीपुढे बसवले, दोन बायांनी हात धरला. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. अंगावर जन्मभर बाळगलेली ती दोन अक्षरे तिला पहिल्यांदा वाचून दाखविली ती शाळेत जाणाऱ्या तिच्या मुलाने! हातावर अक्षर होते, पण अक्षर-ओळख नव्हती. गोंदणाचा विचार करताना मला नेहमी हाच मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटत आला आहे. नक्षी सुंदर की कुरूप हा प्रश्न पुढचा आहे. ती ठरवली कोणी, हा प्रश्न पहिला आहे.

दुसऱ्याने मारलेली खूण

इतिहासात अंगावरची खूण अनेकदा सत्तेने मारलेली आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या राजवटीत, १७९७ च्या कायद्याने, बंगालमध्ये जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदवीत असत. ही पद्धत १८४९ मध्ये बंद झाली. दुसऱ्या महायुद्धात हिटलरच्या राजवटीने आउश्वित्झ येथील छळछावणीत कैद्यांच्या हातावर क्रमांक गोंदले. माणसाचे नाव पुसून त्याचा आकडा करण्याचा तो प्रकार होता.

आणि हे फार दूरचे, फार जुने म्हणून सोडून देता येत नाही. १९९३ मध्ये पंजाबात अमृतसर येथे पोलिसांनी सांसी जमातीच्या चार स्त्रियांच्या कपाळावर 'जेबकतरी', म्हणजे खिसेकापू, असे शब्द गोंदविले. इंग्रजांनी ज्या जमातींना जन्माने गुन्हेगार ठरविले होते, त्यांपैकी सांसी ही एक. या स्त्रियांनी न्यायासाठी लढा दिला. संबंधित पोलिसांना सीबीआयच्या विशेष न्यायालयाने शिक्षा सुनावली ती २०१६ मध्ये, म्हणजे तेवीस वर्षांनी! कपाळावरची अक्षरे घेऊन त्यांनी ही वर्षे कशी काढली असतील याची कल्पनाच केलेली बरी.

आपल्या पूर्वजांच्या कपाळी शब्द गोंदलेले नव्हते. पण त्यांची जात ओळखू यावी अशी व्यवस्था समाजाने केलेली होती. कोणी कोणते वस्त्र नेसावे, कसे नेसावे, कोणत्या धातूचा दागिना घालावा, हे सारे ठरलेले होते. आपल्याच जिल्ह्यात, महाड येथे डिसेंबर १९२७ मध्ये झालेल्या परिषदेच्या वेळी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांपुढे स्वतंत्र भाषण केले. तुमची लुगडे नेसण्याची रीत, गळाभर माळा आणि कोपरापर्यंतचे कथलाचे-चांदीचे दागिने ही तुम्हाला अस्पृश्य म्हणून ओळखण्याची खूण झाली आहे, तेव्हा ती टाकून द्या, असा त्या उपदेशाचा आशय होता. त्याचा परिणाम लगेच दिसून आला. स्त्रियांनी लुगडे नेसण्याची पद्धत तेथेच बदलली.

त्या भाषणातील विषय लुगड्याचा व दागिन्यांचा होता. परंतु त्यातील तत्त्व गोंदणालाही लागू पडते. जी खूण तुम्ही स्वतः निवडलेली नाही आणि जिच्यामुळे लोक तुम्हाला हीन लेखतात, ती जपण्याचे बंधन तुमच्यावर नाही. कोरे हात घेऊन वाढलेल्या मधल्या पिढीने हे तत्त्व आचरणात आणले. मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, पुढे रसायनीच्या कारखान्यांत, शाळांत आणि कचेऱ्यांत ही माणसे गेली. मुलींच्या हातात सुईऐवजी पाटी-पेन्सिल आली. त्यांचे कोरे हात हा त्यांचा विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता, हे आजच्या तरुणांनी विसरू नये.

दीक्षा घेतली, पण हातावरचे नाव?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली व आपल्या लाखो अनुयायांना दिली. बावीस प्रतिज्ञांमध्ये हिंदू देवदेवतांना न मानण्याच्या व त्यांची उपासना न करण्याच्या प्रतिज्ञा आहेत. गावोगाव देव्हाऱ्यातील देव विसर्जित करण्यात आले. परंतु ज्यांच्या हातावरच देवाचे नाव होते, त्यांनी काय करावयाचे?

काही स्त्रिया पदराखाली हात झाकून घेत. काहींना कार्यक्रमात कोणी उत्साही कार्यकर्ता टोकत असे. माझ्या आजीलाही एकदा असे कोणी म्हणाले. तिचे उत्तर घरात आजही सांगितले जाते: 'बाबा, टोचला तवा मना कोनी इचारला नाय. शरण गेले ती माजी मी गेले.'

या उत्तरात सर्व काही आले आहे. धम्म हा मनाने, समजून-उमजून स्वीकारावयाचा आहे. हाताची अक्षरे पुसली म्हणजे मन शुद्ध होत नाही आणि ती राहिली म्हणून दीक्षा उणी ठरत नाही. म्हणून आपल्या वृद्ध मातांनी गोंदण लपविण्याचे काही कारण नाही. तो त्यांचा दोष नाही. तो त्यांच्या काळाचा पुरावा आहे.

याच ठिकाणी छत्तीसगडमधील रामनामी समाजाची आठवण होते. तेही अस्पृश्य मानले गेलेले लोक. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस परशुराम नावाच्या व्यक्तीपासून त्यांचा पंथ सुरू झाला. मंदिराचे दार बंद, तर देवाचे नाव आम्ही अंगभर लिहू, असा मार्ग त्यांनी धरला. काहींनी तर चेहऱ्यासह सर्वांगावर 'राम' गोंदविले. बाबासाहेबांनी दाखविलेला आपला मार्ग निराळा आहे. ज्या दाराशी अपमान होतो, ते दारच आपण सोडले. तरीही त्या लोकांचा अवमान करण्याचे आपल्याला कारण नाही. मात्र तेथील नवी पिढीही नोकरी-शिक्षणासाठी बाहेर पडू लागल्यावर सर्वांग गोंदविणे सोडीत आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

बँकेत काम करताना गोंदणाचे आणखी एक रूप दिसते. निरक्षर खातेदाराचे खाते उघडताना अंगठ्याच्या ठशाबरोबर फोटो व अंगावरील ओळखीची खूण नोंदवून घेतात. वाडीवरच्या म्हाताऱ्या बायांच्या नोंदींत 'कपाळावर गोंदण', 'उजव्या मनगटावर गोंदण' अशा नोंदी वारंवार येतात. शेतात, वीटभट्टीवर राबून अंगठ्याच्या रेषा झिजतात व यंत्रावर ठसा उमटत नाही. गोंदण मात्र झिजत नाही. ज्यांना सही करता आली नाही, त्यांची ती एक प्रकारे सहीच आहे. पण त्यांच्या नातींनी पैसे काढण्याच्या चिठ्ठीवर स्वतःच्या हाताने सही करावी, यातच खरी प्रगती आहे.

आजच्या तरुणांचे गोंदण

आता तरुणांकडे वळू. 'जयभीम' गोंदविणारा तरुण आपल्या आजीसारखा अजाण नाही. त्याला वाचता येते, अर्थ कळतो, आणि निर्णय त्याचा स्वतःचा आहे. ज्या ओळखीपायी त्याच्या आजोबांना अपमान सोसावा लागला, तीच ओळख तो अभिमानाने उघड्या दंडावर मिरवतो. त्यामागची निर्भयता मला मोलाची वाटते. त्याला सरसकट नावे ठेवणाऱ्यांनी याचा विचार करावा.

परंतु तरुण मित्रांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील आपल्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातील व्यक्तिपूजेविरुद्ध इशारा दिला होता. भक्तीने माणूस स्वतः विचार करावयाचे थांबवितो, ही त्यांची भीती होती. बाबासाहेबांचे चित्र दंडावर काढावयास एक दुपार पुरते. त्यांचा एक ग्रंथ समजून घ्यावयास काही महिने लागतात. चित्र जरूर असो, परंतु ते ग्रंथाच्या बदली नको. आणि ज्याच्या दंडावर 'जयभीम' आहे त्याने दारूच्या दुकानापुढे रांगेत उभे राहू नये, घरातील स्त्रीवर हात उगारू नये. अंगावरचे अक्षर आणि अंगातले वर्तन यांत अंतर पडले तर हसे त्या अक्षराचे होते.

तथागतांची प्रतिमा गोंदविणाऱ्यांनी तर अधिक सावध असावे. बौद्ध देशांतही याविषयी एकमत नाही. थायलंडमध्ये मंत्राक्षरांचे गोंदण करण्याची जुनी परंपरा असून काही विहारांत ते भिक्खूंच्या हातून केले जाते. याउलट श्रीलंकेत, २०१४ मध्ये, दंडावर बुद्धप्रतिमा गोंदविलेल्या एका ब्रिटिश महिला पर्यटकाला विमानतळाबाहेर पडल्यावर अटक करून परत पाठविण्यात आले. ती स्वतः बौद्ध विचारांची होती. पुढे २०१७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तिला नुकसानभरपाई दिली. तात्पर्य, एकाला जी श्रद्धा वाटते ती दुसऱ्याला अवहेलना वाटू शकते. निदान कमरेखाली, पायावर अशी प्रतिमा गोंदविणे टाळावे.

विद्यार्थ्यांसाठी काही व्यावहारिक सूचना

१) सुई : जत्रेत किंवा मेळाव्याच्या रस्त्याकडेला यंत्र घेऊन बसलेल्या माणसाकडे एकाच सुईने, एकाच रंगाच्या वाटीतून अनेकांना टोचले जाण्याची शक्यता असते. अशा सुईतून हिपॅटायटिस-बी, हिपॅटायटिस-सी आणि एचआयव्ही यांची लागण होऊ शकते. सुई आपल्यासमोर पाकिटातून काढलेली नवी, रंगाची कुपी स्वतंत्र आणि हातमोजे नवे, एवढे नसेल तर उठून यावे. हिपॅटायटिस-बीवर लस आहे, सी वर नाही.

२) रक्तदान : राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे गोंदवून घेतल्यानंतर बारा महिने रक्तदान करता येत नाही. महामानवाला अभिवादन म्हणून रक्तदान करावयाचे असेल तर हा हिशेब आधी करावा.

३) भरती : आपल्या भागातील अनेक मुले सैन्य व निमलष्करी दलांच्या भरतीसाठी पहाटे उठून धावण्याचा सराव करतात. सैन्याच्या नियमांप्रमाणे साधारणतः कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतील बाजूस आणि तळहाताच्या मागील बाजूस असलेलेच गोंदण चालते. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या रूढीनुसार सवलत आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत धार्मिक चिन्ह किंवा नाव चालते, पण ते सलामी न देणाऱ्या डाव्या हाताच्या आतील बाजूस किंवा तळहाताच्या मागे, आणि शरीराच्या त्या भागाच्या पाव हिश्श्यापेक्षा लहान असावे लागते. दंडावर किंवा मानेवर गोंदवून ठेवले आणि धावण्यात पहिला आला, तरी वैद्यकीय तपासणीत घरी परतावे लागू शकते. म्हणून आधी जाहिरातीतील नियम वाचावेत.

४) काढून टाकणे : लेसरने गोंदण पुसट करता येते, पण त्यासाठी काही आठवड्यांच्या अंतराने अनेक वेळा जावे लागते, खर्च गोंदविण्यापेक्षा कितीतरी अधिक येतो आणि डाग राहू शकतो. घरगुती उपायांनी, आम्लाने किंवा चटका देऊन काढण्याचा प्रयत्न मुळीच करू नये.

५) वय : अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत थांबावे. मैत्रीत, प्रेमात किंवा पैजेत घेतलेला निर्णय दोन वर्षांनीही तसाच पटला, तर तो आपला खरा निर्णय समजावा.

समारोप

गोंदण वाईट की चांगले, याचे एका शब्दात उत्तर देता येत नाही. कोणतीही गोष्ट परंपरेने आली म्हणून किंवा वडीलधाऱ्यांनी सांगितली म्हणून स्वीकारू नका, स्वतः पारखून घ्या, असे भगवंतांनी कालामांना सांगितले होते. हीच कसोटी येथेही लावावी. ही खूण मी स्वतः ठरवली आहे काय? तिचा अर्थ मला समजला आहे काय? आणि तिला शोभेल असे मला वागता येईल काय? तीनही उत्तरे होकारार्थी असतील त्याने खुशाल गोंदवावे. एकही नकारार्थी असेल त्याने हात कोरा ठेवावा. कोऱ्या हाताने धम्मकार्यात काहीही कमी पडत नाही.

आणि विद्यार्थ्यांनी एक काम अवश्य करावे. गोंदण असलेल्या आपल्या आजी, पणजी, आत्या-मावशी आता थोड्या उरल्या आहेत. त्यांच्याजवळ बसून कोणती नक्षी आहे, कोणी गोंदली, कोणत्या वयात, कोठे, किती दुखले, हे सर्व वहीत लिहून घ्यावे. आपल्या समाजातील स्त्रियांचा इतिहास फारसा कोणी लिहिलेला नाही. त्यातील एक पान त्यांच्या हातावर आहे. त्यांच्याबरोबर ते जाईल, त्यापूर्वी ते आपण वाचावे.

जयभीम! नमो बुद्धाय!